नायकाच्या गैरहजेरीत

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात, पहिल्या पावसाने पटांगणातील धूळ बसते न बसते तोच मुख्याध्यापकांच्या मेजावर परिपत्रके येऊन पडू लागतात, आणि मग हरित सेना, स्काउट-गाईडचे पथक, मीना-राजू मंच, शालेय मंत्रिमंडळ अशी मंडळे एकामागून एक कागदावर उभी राहतात. प्रत्येकाला एकेक नायक हवा असतो, आणि तो तातडीने हवा असतो, म्हणून ज्याचा आवाज मोठा, ज्याचे अक्षर वळणदार किंवा ज्याच्या वडिलांचा गावात शब्द चालतो, अशा मुलांची नावे पहिल्याच पंधरवड्यात फळ्यावर लिहिली जातात. नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यास माझे शालेय शिक्षण झाले आणि माझेही नाव असेच फळ्यावर लिहिले गेले होते. आवाज मोठा होता, याखेरीज त्या निवडीस दुसरे कारण नव्हते. आमचा मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडत असे; नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, त्याच्या काही वर्षे आधीची ही हकीकत आहे. पुढे मी स्वतः शिक्षक झालो, अनेक वर्षे शाळेतील सेवापथके सांभाळली, आणि त्या अनुभवाच्या आधारे, अशी पथके चालविणाऱ्या शिक्षकांस व त्यांत नायक म्हणून उभ्या राहणाऱ्या मुलामुलींस उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत. मात्र त्या सांगताना मला विद्यार्थी म्हणून मिळालेल्या शिक्षणापासूनच आरंभ करावा लागेल, कारण शिक्षक झाल्यावर जे समजले ते बहुतेक तेव्हा चुकलेल्या गोष्टींचेच उत्तर होते.

आठवीत असताना मला संघनायकांच्या शिबिरास पाठविण्यात आले. पाच दिवसांचे ते शिबिर होते. आठ आठ मुलांचे संघ, प्रत्येक संघास एक तंबू, एक चूल आणि मोजून दिलेला शिधा. पहाटे व्यायाम, मग ध्वजवंदन, दिवसभर गाठी, मागाच्या खुणा, प्रथमोपचार, होकायंत्र, आणि रात्री शेकोटीभोवती गाणी व नकला. हे सारे मला मनापासून आवडले, आणि निरगाठ व सुरगाठ यांतला भेद आजही डोळे मिटून बोटांना कळतो तो त्या पाच दिवसांमुळे. परंतु त्या शिबिराचा खरा पाठ तिसऱ्या दिवशी मिळाला. त्या दिवशी स्वयंपाकाच्या वेळेसच शिबिरप्रमुखांनी सगळ्या संघनायकांना दूरच्या एका झाडाखाली बोलावून घेतले, नकाशा कसा वाचावा हे समजावण्यात चांगले दोन तास घालविले, आणि ऊन डोक्यावर आल्यानंतर आम्हाला आपापल्या तंबूकडे जाण्यास परवानगी दिली. परतून पाहतो तो काही चुली पेटलेल्या होत्या. एका संघाची तर जेवणे आटोपून भांडीही घासून झाली होती, आणि नायकाचे ताट झाकून ठेवलेले होते. माझ्या संघातील सातही मुले तंबूच्या सावलीत बसून माझी वाट पाहत होती. डाळ निवडलेली होती, लाकडे रचलेली होती, पीठ परातीत कोरडेच होते, आणि काडेपेटी माझ्या खिशात होती.

शेजारच्या संघाकडून काडेपेटी मागून आणणे सहज शक्य होते, आणि ती मुले काही मंद नव्हती. परंतु आधीचे दोन दिवस, मला न विचारता कोणी तंबूची दोरी जरी घट्ट केली तरी मी त्याच्यावर ओरडलो होतो, आणि विचारल्याशिवाय काही करावयाचे नाही एवढे शिक्षण त्यांनी माझ्यापासून चोख घेतले होते. शिबिरप्रमुख आमच्या चुलीपाशी क्षणभर थांबले, पेटी कोणाजवळ होती एवढेच त्यांनी विचारले, आणि उत्तर ऐकून घेऊन पुढच्या तंबूकडे गेले.

नेतृत्वाच्या शिक्षणाची ही पद्धत काही त्यांची स्वतःची नव्हे. १९०७ सालच्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे जे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले, त्यात त्या मुलांचे चार लहान संघ पाडून प्रत्येकाचा कारभार एका मुलाकडे सोपविला होता, आणि पुढील सारी बालवीर चळवळ या एका कल्पनेवर उभी राहिली, की सहा ते आठ मुलांचा संघ हा मुलानेच चालवावा आणि मोठ्या माणसाने प्रथम संघनायकांना शिकवून मग बाजूस उभे राहावे. आपल्या देशात पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी १९१८ साली सेवा समितीच्या बालवीर संघटनेची स्थापना करून त्या कल्पनेस लोकसेवेची जोड दिली. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स व गाईड्स ही संस्था झाली. आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, जिच्यात स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर अपेक्षित असते. एवढा इतिहास येथे सांगितला तो अशासाठी, की शिक्षकांच्या हाती येणारी परिपत्रके या योजनांचे तास आणि उपक्रम सांगतात, परंतु त्यांच्या मुळाशी असलेली ही लहान संघाची कल्पना मात्र सांगावयाचे राहून जाते, आणि मग चाळीस मुलांचे एक पथक व त्याचा एक नायक अशी रचना होऊन बसते. कोणताही तेरा वर्षांचा मुलगा एका वेळी चाळीस जणांची विचारपूस ध्यानात ठेवू शकत नाही. सात जणांची ठेवू शकतो: कोणाची आई आजारी आहे, कोण उपाशी आला आहे, कोणाला उंचावर चढण्याची भीती वाटते. चाळीस मुले असतील तर पाच-सहा संघ करावेत; प्रत्येक संघास त्याचे नायक द्यावेत; आणि शिक्षकाने त्या नायकांचा एक संघ मानून स्वतः त्याचा नायक व्हावे.

शिबिराहून मी परतलो तो गळ्यात स्कार्फ आणि डोक्यात योजना घेऊन. शाळेच्या कुंपणालगत आम्ही निंब व करंजाची चाळीस रोपे लावली, त्यांना आळी करून भोवती काटे लावले, पाण्याच्या पाळ्या ठरविल्या. श्रावण-भाद्रपदात रोपे जोमाने वाढली. मग दिवाळी आली, आणि दिवाळीनंतर आमच्या भागातील शेकडो घरांप्रमाणे आमचेही घर कुलूपबंद होऊन आम्ही ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडे गेलो. नंदुरबार जिल्ह्याशी ज्यांचा परिचय नाही अशा वाचकांना हे सांगितले पाहिजे, की येथील कोरडवाहू शेतीवर वर्षाचे बारा महिने भागत नाहीत. मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे कोयते घेऊन निघतात, उसाच्या फडांजवळ पडाव टाकून राहतात, होळीला बहुतेक जण गावी येतात आणि त्यांतले काही होळीनंतर पुन्हा जातात. शाळेच्या हजेरीपटावर त्या महिन्यांत जी रिकामी घरे दिसतात, ती या मुलांची.

फाल्गुनात परत आलो तेव्हा चाळीस रोपांपैकी सहा जिवंत होती. मला प्रथम संताप आला, आणि गावात राहिलेल्या मुलांना मी बोलू नये ते बोललो. तेव्हा वर्गातली एक मुलगी म्हणाली, "तू सांगून काय गेला होतास?" आणि खरोखरच मी काहीही सांगून गेलो नव्हतो. पाळ्यांचा तक्ता मी तोंडपाठ ठेवलेला होता. कोपऱ्यातली जमीन मुरमाड असल्यामुळे तिथल्या सात रोपांना दोनदा पाणी लागते हे मला ठाऊक होते, पण दुसऱ्या कोणाला नव्हते. आणि बादल्या ज्या घरांतून मागून आणीत असू त्या घरांशी बोलणे माझेच होत असे. शिबिरातली काडेपेटी मी दुसऱ्यांदा खिशात घालून नेली होती.

तेव्हापासून नायकाची परीक्षा कशी घ्यावी याविषयी माझे मत बदलले नाही. तो समोर उभा असताना पथक कसे वागते हे पाहू नये. तो पंधरा दिवस गावात नसेल तेव्हा काम चालते की नाही, हे पाहावे. इतर ठिकाणी ही परीक्षा मुद्दाम योजावी लागेल. धानोऱ्यासारख्या गावात ती दरवर्षी कार्तिकात आपोआप येते, आणि म्हणून येथील शाळांनी नेतृत्वाचे सारे शिक्षण त्या तारखेकडे डोळा ठेवून आखावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता निवडीविषयी. पहिल्या दिवशी हात वर करवून नायक निवडू नये. पहिले दोन महिने पाळीपाळीने प्रत्येक मुलास आठ-आठ दिवस संघ सांभाळू द्यावा, आणि शिक्षकाने भाषण कोण करतो याकडे लक्ष न देता काम संपल्यानंतर कोण थांबतो याकडे लक्ष द्यावे. खुरपी मोजून ठेवणारी, ओल्या पाटीत राहिलेली माती झटकणारी, लहान भावंडाला कडेवर घेऊन उभी असतानाही आपल्या संघातील मुलाला हाक मारून त्याचा विसरलेला डबा देणारी, अशी मुलगी बहुधा वर्गात मागच्या बाकावर बसलेली असते आणि तिचे नाव आपणांस चटकन आठवत नाही. मला माझ्या नोकरीत जे उत्तम नायक लाभले त्यांतले निम्म्याहून अधिक, पहिल्या पंधरवड्यात मी निवडलेच नसते असे होते.

निवड झाल्यावर लगेच उपक्रमास हात घालू नये. चार शनिवार केवळ नायकांसाठी राखावेत. शनिवारी आपल्या शाळा सकाळच्या असतात, त्यामुळे शेवटची तासिका मिळू शकते, आणि ती शाळेच्या वेळेतच मिळाली पाहिजे. कारण शाळा सुटल्यावर बैठक घ्यावयाची असे ठरविले, की मुली येऊ शकत नाहीत. त्यांची पाण्याची, सरपणाची, धाकट्या भावंडांची वेळ झालेली असते, आणि मग मुलींना नेतृत्वात रस नाही असा शेरा मारून आपण मोकळे होतो. मुलीला नायक करावयाचे आणि तिच्याकडे रांगोळी, स्वागतगीत व पाहुण्यांचे औक्षण एवढेच द्यावयाचे, हाही प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे. तिच्या हाती किल्ली, हिशेबाची वही आणि कामाची वाटणी असेल तरच तिला नायक म्हणावे.

या चार शनिवारांत शिकवावयाचे ते काय? पहिला शनिवार निव्वळ पाहण्यात घालवावा. नायकांना घेऊन गावातून हिंडावे, हापशापाशी थांबावे, पाणी कोठे साचते, गुरे कोठे उभी राहतात, तेथे येणाऱ्या बायांना काय अडचण आहे हे त्यांच्याच तोंडून ऐकावे, आणि त्या दिवशी कोणताही उपाय सुचवू देऊ नये. मुलांना उपाय सुचविण्याची फार घाई असते. आम्ही एकदा हापशाभोवतीचा चिखल घालविण्यासाठी मुरूम टाकण्याचे ठरविले आणि नंतर कळले की चिखल सांडपाण्याला वाट नसल्याने होत होता, मुरमाने तो फक्त दोन हात पुढे सरकला. एक म्हातारी आम्हाला ते आधीच सांगत होती, परंतु ती भिलीत बोलत होती आणि आम्ही वहीत मराठीत लिहीत होतो. पुढे तेथे शोषखड्डा खणला तेव्हा प्रश्न मिटला.

भाषेचा हा मुद्दा आमच्या जिल्ह्यात फार मोलाचा आहे. येथील लोकसंख्येत आदिवासी समाजाचे प्रमाण दोन-तृतीयांशाहून अधिक आहे. मूल घरी भिली, मावची किंवा पावरी बोलते, बाजारात अहिराणी ऐकते, शाळेत मराठी लिहिते आणि पडावावर गेले की गुजराती उचलते. नायकाने शिक्षकांपुढे शुद्ध मराठीत अहवाल वाचावा अशी आपली अपेक्षा असते, ती असू द्या. परंतु संघातील मुलांशी आणि गावातील माणसांशी त्याने त्यांच्या घरच्या बोलीतच बोलावे, हे शिक्षकाने नुसते चालवून न घेता स्पष्ट शब्दांत सांगावे. ज्या मुलाला वर्गात बोलताना अडखळायला होते, तो आपल्या बोलीत दहा माणसांना कामास लावताना मी पाहिला आहे.

दुसऱ्या शनिवारी कामाची वाटणी. येथे 'मुकादम' या शब्दाविषयी थोडे थांबले पाहिजे. आमच्या मुलांनी काम करवून घेणारा माणूस पाहिलेला असतो तो बहुधा मुकादम. तो उचल देतो, माणसे मोजतो, पहाटे हाका मारून उठवितो, उशीर झाला तर बोलतो. त्याचे काम त्या व्यवहारात कठीणच असते, आणि त्याच्या मागे घेतलेल्या पैशाचे बळ असते. मुलाच्या गळ्यात आपण नायकाची शिट्टी अडकविली की तो तेच सूर काढू लागतो, कारण त्याने दुसरे काही ऐकलेलेच नसते. त्याला रागावण्यात अर्थ नाही. त्याला दुसरे उदाहरण दाखवावे, आणि ते शोधण्यासाठी दूर जावयास नको. सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजात लाह नावाची जी रीत आहे, तिच्यात एका घरी निंदणी किंवा घर शाकारणी निघाली की निरोप जातो, शेजारपाजारची माणसे आपापली अवजारे घेऊन येतात, यजमान सर्वांना जेवू घालतो, मजुरी कोणी घेत नाही, आणि उद्या दुसऱ्याच्या घरी हाच यजमान राबावयास जातो. मराठी मुलखात इतरत्र हिलाच इर्जिक किंवा सावड म्हणतात. लाहेला बोलावणाऱ्या माणसाला कोणावरही हुकूम चालविता येत नाही. त्याला लोक येतात ते तो स्वतः इतरांकडे गेला होता म्हणून. मुलांना हा प्रश्न करावा: तुमच्या आजोबांनी लाह बोलावली तर किती माणसे येतील, आणि का? त्या उत्तरात कामाची वाटणी, न्याय, पाळी आणि परतफेड हे सगळे येते, आणि ते मुलांनी स्वतः सांगितलेले असते.

खानदेशातील दुसरे उदाहरण अमळनेरचे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाचेही काम पाहत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते उपदेश न करता स्वतःच त्या आवरून ठेवीत, आणि हे लक्षात आल्यावर मुले लाजून आपले आपण आवरू लागली. ही गोष्ट नायकांना सांगावी, परंतु तिच्यातला एक धोकाही सांगावा. तेरा-चौदा वर्षांच्या नायकाने ती ऐकली की तो सगळ्यांचे काम एकटाच करू लागतो, थकतो, आणि मनात कुढत बसतो. गुरुजी वयाने व अधिकाराने मोठे होते म्हणून मुलांना लाज वाटली. बरोबरीच्या मुलाने सर्वांच्या बादल्या भरल्या तर इतरांना ते सोयीचे वाटते. म्हणून आरंभ नायकाने करावा, पहिली पाटी त्याने उचलावी, परंतु दुसरी पाटी दुसऱ्याच्या हातात द्यावी.

उरलेल्या शनिवारी काम शिकविण्याची रीत आणि हिशेब. सांगणे, करून दाखविणे, समोर करवून घेणे आणि मग हात मागे घेणे, या चार पायऱ्यांपैकी शेवटची मुलांना सर्वांत अवघड जाते, आणि खरे म्हणजे शिक्षकांनाही. मुलगा आळे वेडेवाकडे करीत असला तर खुरपे ओढून घेण्याचा मोह होतोच. त्या क्षणी नायकाने हात पाठीमागे बांधून उभे राहावे अशी मी त्यांना सवयच लावीत असे, आणि मीही तसाच उभा राहत असे.

हिशेबाविषयी फार लिहीत नाही, परंतु तो सोडता येणार नाही. पथकाकडे दहा रुपये असले तरी त्यांची रोजकीर्द ठेवावी, जमा, खर्च, शिल्लक असे तीन रकाने पुरेत, आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती सर्वांसमोर मोठ्याने वाचावी. पैसे एकाकडे, वही दुसऱ्याकडे. एकदा आमच्या पथकाच्या बादल्यांच्या वर्गणीत सात रुपये कमी भरले, ज्याच्यावर संशय घेतला गेला त्याने शाळा सोडण्याची भाषा केली, आणि तिसऱ्या दिवशी ते सात रुपये दोरीसाठी दिल्याचे आठवले. त्या तीन दिवसांत त्या मुलाला जे सोसावे लागले ते एका ओळीच्या नोंदीने टळले असते.

काही कामे मुलांच्या पथकाकडे देऊच नयेत, आणि ती कोणती हे शिक्षकाने आरंभीच सांगावे. विहिरीत उतरणे, पाण्यात टाकावयाची ब्लीचिंग पावडर हाताळणे, शिक्षक बरोबर नसताना रस्त्यावर उभे राहून वाहने थांबविणे, ही मोठ्यांची कामे आहेत. आजारांविषयीच्या उपक्रमांत याहून नाजूक मर्यादा पाळावी लागते. आमच्या जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, त्याच्या तपासणीविषयी शाळांतून माहिती दिली जाते, आणि ती मुलांनी घरोघर पोहोचविणे योग्यच आहे. परंतु कोणाच्या घरी कोणाला आजार आहे याची नोंद मुलांच्या वहीत एका अक्षरानेही होता कामा नये. उत्साही नायक यादी करावयास निघतो, त्याला वाटते ती सेवाच आहे, आणि त्या यादीतल्या मुलीच्या लग्नात ती यादी आड येते. जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनी कशी द्यावी, दवाखाना कोणत्या दिवशी उघडा असतो, हे सांगावे. कोणाला काय झाले हे सांगू नये, विचारूही नये.

नंदुरबारच्या प्रत्येक शाळेत ९ सप्टेंबर रोजी शिरीषकुमार मेहता याचे स्मरण केले जाते. १९४२ साली त्या दिवशी पंधरा वर्षांच्या या मुलाने तिरंगा हाती घेऊन मिरवणुकीत गोळ्या झेलल्या, आणि त्याच्याबरोबर आणखी चार जणांना हौतात्म्य आले. शाळकरी वयात माणूस केवढा मोठा होऊ शकतो याचे हे उदाहरण आमच्या मातीतले आहे, आणि ते ऐकताना माझा कंठ आजही दाटून येतो. परंतु नायकांच्या शिक्षणात मी एक गोष्ट मुद्दाम जोडीत असे: त्या मिरवणुकीत झेंड्यामागून चालणारी मुले होती, म्हणूनच ती मिरवणूक झाली. संघातल्या सातव्या मुलास आपण नायक झालो नाही याचे वाईट वाटत असते; त्याच्यापाशी बसून त्याला हे सांगितले पाहिजे.

सोपवणीची वेळ आश्विनात येते. दिवाळीच्या सुटीपूर्वी तीन आठवडे प्रत्येक संघातील कोण जाणार आणि कोण राहणार याचा अंदाज घ्यावा. पालक तोवर मोघम बोलतात, परंतु मुलांना ठाऊक असते. प्रत्येक संघास आरंभापासूनच दोन नायक असावेत, त्यांतला एक शक्यतो गावात राहणाऱ्या घरातला. पहिल्या आठवड्यात राहणारा नायक जाणाऱ्याच्या मागून चालतो आणि पाहतो. दुसऱ्या आठवड्यात जाणारा मागे चालतो व न विचारता बोलत नाही. तिसऱ्या आठवड्यात जाणाऱ्याने कामावर यावयाचेच नाही, वर्गात बसावयाचे, आणि शनिवारी येऊन काय राहिले ते पाहावयाचे. हा तिसरा आठवडा म्हणजेच माझ्या शिबिरातील ते दोन तास होत, आणि त्यातून निघणाऱ्या चुका दिवाळीपूर्वी दुरुस्त करता येतात.

याच आठवड्यात सोपवणीचे पान लिहून घ्यावे. सेवापथकाच्या वहीत एक संपूर्ण पान, जाणाऱ्याच्या हस्ताक्षरात: कोणते काम चालू आहे, कोणती वस्तू कोठे व कोणाच्या घरची आहे, कोणाला विचारावयाचे, कोणत्या गोष्टीस विशेष जपावयाचे, आणि शेवटी, माझे काय चुकले. ही शेवटची ओळ मुले लिहावयास तयार नसतात. शिक्षकाने आधी आपल्या पानावर स्वतःची चूक लिहून दाखवावी, मग लिहितात. एका मुलाने लिहिले होते की मी एकाच मुलाला रोज लांबच्या रोपांकडे पाठविले कारण तो नाही म्हणत नाही. त्याच्यानंतर आलेल्या नायिकेने पहिल्याच दिवशी ती पाळी बदलली. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेकडून शिक्षण हमी पत्रक देण्याची सोय आता झाली आहे, जेणेकरून दुसऱ्या गावच्या शाळेत त्यांना बसता यावे. त्या पत्रकाबरोबर मी या पानाची एक नक्कलही मुलाच्या हाती देत असे. आपण जेथे जात आहोत तेथे आपण केवळ कोयत्यामागची मोळी बांधणारे नाही, आपल्या नावावर एक जबाबदारी होती आणि ती आपण नीट सोपवून आलो, हे त्या मुलाला कागदावर दिसावे एवढाच हेतू.

होळीला मुले परत येतात. भोंगऱ्याचा बाजार, ढोल, नवे कपडे यांत आठवडा जातो. मग ती शाळेत येतात आणि आपली जागा शोधू लागतात. जुन्या नायकास लगेच शिट्टी परत देऊ नये, कारण चार महिने काम केलेल्याचा तो अपमान होईल; आणि त्याला रांगेच्या टोकालाही उभे करू नये. वर्ष संपेपर्यंत दोघांनी जोडीने काम पाहावे, आणि पहिल्या बैठकीत परतलेल्याने आपले पान मोठ्याने वाचावे व राहिलेल्याने त्याखाली पुढे काय झाले ते सांगावे.

अशाच एका बैठकीत, काही वर्षांपूर्वी, सातवीतली एक मुलगी आपल्या पानाबरोबर आणखी एक कागद घेऊन आली. तो उसाच्या वजनाच्या चिठ्ठीचा कोरा पाठभाग होता, घड्या पडून मऊ झालेला. पडावावर आईवडील पहाटे फडात गेले की लहान मुले मागे राहत. तिने त्यांना एकत्र बसवून, पाचटावर कोळशाच्या तुकड्यांनी अंक मांडून शिकविले होते, आणि कोण आले कोण नाही याच्या खुणा त्या कागदावर केल्या होत्या. अकरा नावे होती. काही धानोऱ्याकडची, काही गुजरातेतील डांगातली, एक-दोन तिला नीट लिहिताही आली नव्हती. हे कर म्हणून तिला मी सांगितले नव्हते, किंवा दुसऱ्याही कोणी सांगितले नव्हते. मी कागद वाचीत खाली आलो. शेवटच्या ओळीत तिने लिहिले होते की आम्ही होळीला गावी जातो म्हणून मुले डांगच्या मोठ्या मुलीकडे दिली आहेत, तिला शंभरपर्यंत येते, आणि सर्वांत लहान मुलगा एकटा फडाकडे पळतो, त्याला जवळ बसवावे.